वीतभर उंचीची गाडी

आप्पा, काल तुमच्या गॅरेजपुढचा मुरमाचा उंचवटा सपाट करायचा होता. फरशी बसवणारा म्हणाला, "बाई, हे टेंगूळ मधीच कशाला ठिवलंय?" मी म्हटलं, थांबा जरा. तेव्हापासून मनात तुमच्याशी बोलणं चाललंय, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळाचं साल. कोल्हारपासून आठ मैलांवरच्या शाळेत मला नोकरी लागली होती, आणि पोलिओच्या पायाने एसटीची पायरी चढता येत नव्हती. रोज कंडक्टर काखेत हात घालून मला वर घ्यायचा आणि शाळेतली पोरं बघत उभी राहायची. महिनाभरात मी जाहीर केलं, असं पोत्यासारखं चढवणार असतील तर मी जायची नाही. तुम्ही भंगारातून एक जुनी मोटार ओढून आणलीत. मग मला समोर उभं करून विचारलंत, "पाय किती उचलतो? खरं सांग." मी म्हटलं, वीतभर. "मग जमंल. त्याच्याखाली गाडी जायची न्हाई. तेवढाबी उचलत नसंल तर घरी बस." उचलत होता चार बोटं. पण घरी बसणं मला मंजूर नव्हतं.

आठ दिवस तुम्ही गाडीखाली. पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापलात, मागच्या स्प्रिंगांचे पाटे सपाट करून घेतलेत. दाराचा उंबरा बरोबर वीतभरावर आला. पण आपण दोघं बसलो की गाडी आणखी दबायची, आणि रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी पसरलेली. पहिल्याच फेरीत इंजिनाखालचा तेलाचा चेंबर घासला. "गाडी खाली बसली पायजे, पर दबली न्हाई पायजे," असं पुटपुटत तुम्ही जाड पाटे घातलेत. उंची तीच राहिली आणि धक्के असे, की शाळा येईपर्यंत माझ्या कण्याचा भुगा. मी चिडून म्हणतेय, "आप्पा, ही गाडी आहे का खलबत्ता?" तुम्ही समोर बघत म्हणताय, "कंबर दुखंल, पर पोचशील." पोचत होते, हे खरं.

चढताना मी पाय हाताने उचलून आत ठेवायची. तुम्ही तेव्हा नेमके काच पुसत असायचात. पंधरा दिवसांनी गॅरेजपुढे मुरूम टाकून चोपलात, चिखल होतो म्हणालात. चिखल! त्या साली प्यायला पाणी नव्हतं. पुढे गाडी कायम त्या उंचवट्याला खेटून, आणि शाळेतही पायरीला चिकटवून. मला वाटायचं, तुमचं एक खूळ. मी हसायचेसुद्धा.

काल खाली बसून तो उंचवटा बोटांनी मोजला. आठ बोटं भरला. बारा बोटांची वीत, त्यातून आठ गेली. त्या माणसासमोरच रडू आलं, लाज वाटली. फरशी वळसा घालून बसवायला सांगितलीय.

तुम्ही परत कधी विचारलं नाहीत, मी खरं कधी सांगितलं नाही. जुन्या हजेरीवहीच्या मागच्या पानावर हे लिहिलंय, तिथंच राहील. चार बोटं, आप्पा. थंडीत तीनच.