अक्काने बदललेलं वाक्य

मुलुंड, रविवार संध्याकाळ, जानेवारी १९५८

आमची अक्का अशी बोलू शकते?

आज शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळाचं नवं नाटक झालं. अंगठी हरवते आणि राजा बायकोलाच विसरतो, ती जुनी प्रेमकथा, पण आजच्या काळातली. राजाच्या जागी मोठा साहेब, दरबाराच्या जागी त्याचं ऑफिस. नायिका अक्का. चार वर्षांपूर्वी भावोजी तिला माहेरी सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. म्हणूनच बाबा नको म्हणत होते. "लोकांना तमाशा दाखवायचाय का?" तरी आले, माझ्या शेजारी मान खाली घालून बसले.

साहेब म्हणाला, "ही बाई कोण? मी ओळखत नाही." अक्का गप्प. किती वेळ गप्प! विंगेतून दोनदा वाक्य सांगितलं, ते मलाही ऐकू आलं. वाटलं, वाट लागली. मग ती शांतपणे म्हणाली, "अंगठी हरवली. मी नाही हरवले. नीट बघा."

हे वाक्य नाटकात नाहीच. सगळ्यांच्या संवादांच्या नकला मीच उतरवून दिल्यात ना!

घरी येताना विचारलं, "अक्का, विसरलीस का गं?"

"नाही गं. तिथे रडून त्याच्या पाया पडायचं होतं. मला जमेना."

एवढा वेळ गप्प उभं राहायला केवढी हिंमत लागली असेल!

बाबा पुढे चालत होते. ते थांबले. अक्काच्या हातातली कपड्यांची पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाले, "पुढच्या प्रयोगालाही हेच म्हण."