सामनेवाला नंबर एक

१२ एप्रिल

आज नवऱ्यावर खटला भरला. सहीसाठी पेन त्यांनीच दिलं — माझं चालत नव्हतं!

वकील मनीषा. शेजारच्या कमलताईंची मुलगी, इथे सुरतेत, आमच्या डिंडोलीतच वाढलेली. तिनं नीट समजावलं. "काकू, गाडी काकांची, चालवत काका होते. काकांची चूक असली तरच विमा कंपनी तुमच्या पायाचे पैसे देणार. म्हणून सामनेवाला नंबर एक काका, नंबर दोन कंपनी. काकांच्या खिशातून काही जाणार नाही." हे मान डोलवत होते. मग हळूच म्हणाले, "पण गाय आडवी आली होती."

"काका, गाईचा विमा आहे का?"

जानेवारीत डुमसच्या समुद्रावरून टमाट्याची भजी खाऊन येताना गाडी डिव्हायडरवर चढली. माझ्या उजव्या पायात प्लेट. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. एफडी मोडून हॉस्पिटलचं बिल भरलं, आणि प्लेट काढायचं ऑपरेशन अजून बाकी आहे. गाय मला दिसली नाही. मी पर्समध्ये बडीशेप शोधत होते.

२६ एप्रिल

कोर्टाची नोटीस घेऊन माणूस आला. "जयंतभाई कोण? सामावाळा?" मी सोफ्यावरूनच बोट दाखवलं.

ह्यांनी उभ्याउभ्याच वाचली. "बेफिकीर! आयुष्य बँकेत गेलं, एका रुपयाचा फरक आला नाही, आणि मी बेफिकीर?" संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला. चहा मात्र दोनदा करून दिला. वॉकर घेऊन ओट्यापाशी मला उभं राहता येत नाही ना.

८ मे

विमा कंपनीचे देसाई घरी आले — तडजोड करायला. हातात नानखटाईचा डबा. आल्याआल्या ह्यांच्या पायाच पडले! "काका, तमे तो एक्सपर्ट! आटला वरस गाडी चलावी, एक लिसोटो नथी. तमारी भूल होय ज नहीं!"

झालं. गाडीला एक ओरखडा नाही, तुमची चूक असणारच नाही, एवढं ऐकून हे फुलले. गाय सांगितली. कुठून आली, कशी आली, आपण कसं सफाईनं स्टिअरिंग फिरवलं. दुसरा कुणी असता तर बायको गेलीच असती म्हणे! देसाई भराभर लिहून घेत होते. म्हणजे काकांची चूक नाही, म्हणजे कंपनीचं देणं नाही. तरीपण माणुसकी म्हणून नव्वद हजार.

मी विचारलं, "मग माझा पाय कुणी मोडला?"

"नसीब, काकी," देसाई म्हणाले, आणि नानखटाई पुढे केली. खाल्ली मी. चांगली होती मेली.

१९ मे

गाईबरोबर आता वासरूही होतं!

३ जून

मनीषा आज कडाडली. "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"सत्याच्या."

रोज सकाळी देसाईंचा फोन. ॲव्हरेज, इंजिन ऑइल, हल्लीच्या पोरांचं ड्रायव्हिंग. माझ्याशी लग्नानंतर इतकं बोलले असतील तर शपथ! ज्या कंपनीशी मी भांडतेय तिला माझ्याच घरात जावयाचा मान. पुण्याहून सौरभ म्हणतो, "आई, बाबांना एवढं कशाला ताणतेस? मी देतो ना पैसे." मुलाचे पैसे नकोत मला.

११ जुलै

वॉकर सुटला. आता काठी. हे रोज पायाला तेल लावतात, मोज्याच्या सुरकुत्यासुद्धा सारख्या करतात. भाजी चिरतात — भेंडी धुवायच्या आधी चिरतात, पण चिरतात. सगळं करतात. एवढं एक वाक्य सोडून.

खरं सांगायचं तर पैशाचा राग केव्हाच गेला. मला ते वाक्य हवंय. कोर्टात नाही तर नाही, इथे स्वयंपाकघरात म्हणा! इतक्या वर्षांच्या संसारात दूध उतू गेलं तरी गॅसचा दोष.

३० ऑगस्ट

लोकअदालतीची तारीख लागली. मनीषानं ह्यांची तालीम घेतली. "न्यायाधीश विचारतील. तुम्ही एवढंच म्हणायचं, चूक माझी होती."

पहिल्यांदा म्हणाले, "अपघात घडला." मग, "चूक झाली." 'माझी' म्हणायची वेळ आली की खोकला येतो. मनीषानं पाणी दिलं. पुन्हा खोकला. शेवटी म्हणाली, "काका, जज साहेबांसमोर तरी खोकू नका."

१२ सप्टेंबर

पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. आरशासमोर पुटपुटत होते. मी दाराआडून ऐकलं. आलं वाक्य! पूर्ण आलं!

१३ सप्टेंबर

अदालत कसली, लग्नाची पंगत! टेबलामागे टेबल. आमचा नंबर आला. देसाई म्हणाले अडीच, मनीषा म्हणाली साडेतीन, साहेब म्हणाले तीन लाख, चालेल ना? सगळे हो म्हणाले. सह्या झाल्या. चहा निवायच्या आत मिटलं.

ह्यांना कुणी काही विचारलंच नाही! तोंड उघडून उभे होते बिचारे. कागदावर लिहिलंय, कुणाचाही दोष न ठरवता तडजोड. देसाईंनी ह्यांना मिठी मारली. रिक्षात हे म्हणाले, "बघ, कोर्टानंही माझा दोष धरला नाही."

ऑपरेशनची सोय झाली. आनंद व्हायला हवा होता. लुबाडल्यासारखं वाटतंय.

१५ सप्टेंबर

सकाळी मीच म्हटलं, झालं गेलं सोडा. गाडी काढा, डुमसला जाऊन भजी खाऊ.

आत गेले, किल्ली आणली आणि माझ्या हातात ठेवली. "नको. मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. गेल्या दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले होते, गाडी चालवू नका. डिव्हायडर दिसलाच नाही मला. चूक माझी होती, उज्ज्वला."

खोकला आला नाही.

पाच महिने ह्याच वाक्यासाठी भांडले. आता वाटतं, गाय आडवी आली असंच म्हणत राहिले असते तर बरं झालं असतं.