नंदाचं मत

२९ ऑक्टोबर
विधानसभेचा अर्ज भरला. अपक्ष. उस्मानपुऱ्यातली गल्ली सगळी संगं आली. क्रांती चौकात सलीमभाई टेलरनं हार घातला, ‘सुभेदारसाब’ म्हणून गळाभेट घेतली. गर्दीत नंदाला हुडकत होतो. लेक नांदेडला मास्तरीण. फोनवर कळवलं तेव्हा म्हणाली होती, “फौजेत बावीस वर्षं, मग मोर्चे, आता हे. घरी कधी व्हता, पप्पा?”


२ नोव्हेंबर, पाडवा
घरोघरी लेकी आल्यात. आपल्या दाराला पणती मीच लावली. कमलच्या फोटोला फूल.
कमल गेली त्या दिवशी मी पाण्याच्या मोर्चात. नंदानं एकटीनं आईला रिक्षात घातलं. वाटेतच सगळं... दोन वर्षं झाली. वस्तीत दवाखाना पाहिजे, म्हणून तर उभा राहिलो. हे लोकांना भाषणात सांगतो. नंदाला अजून सांगता आलं नाय.

११ नोव्हें.
प्रचार. पाय सुजले. एका दारात म्हातारी म्हणाली, “लेक कुठंय तुझी? घरचं माणूस नगं का संगं?”
म्हटलं, शाळेत परीक्षा चालूयेत. लबाड बोललो.

१५ नोव्हें.
नंदानं फोन उचलला! “जेवता का येळेवर?” एवढंच. व्हय म्हटलं. तिचा श्वास ऐकू येत होता. लई बोलायचं होतं, अन् तोंडातून काय निघावं? “तुझं नाव अजून इथल्याच यादीत हाय. मतदानाला ये.”
“मतासाठी व्हय,” म्हणाली. ठेवला.
मूर्ख माणूस मी.

२० नोव्हें. मतदान
सकाळपासून बूथ फिरतोय. आपल्या शाळेच्या बूथवर दुपारी पोचलो. सलीमभाई आपला एजंट, यादीवर खुणा करत बसलेला. बाहेर आला, हळूच म्हणाला, “साब, बिटिया आई थी. सुबू सुबू. वोट डाली, चली गई.”
“घरी गेली?”
“मालूम नै. मेरेकू सलाम करी, बस.”
घराकडं पळालो. कुलूप तसंच. बसस्टँडवर गेलो, नांदेडच्या फलाटावर उभा राहिलो तासभर. लोक ओळखून हात मिळवत होते. आली, पाच-सहा तासांचा प्रवास करून आली, अन् दोन गल्ल्या ओलांडून घरी नाय आली.
मत कुणाला दिलं असेल? विचारणार नाय.

२२ नोव्हें.
उद्या मोजणी. सलीमभाईला म्हटलं, तिथं तू बस, मी नांदेडला चाललो.
“नतीजे के दिन? लोगां क्या बोलेंगे?”
“बोलू दे.”
मग म्हणाला, “जाव साब. मैं संभालता.”

२३ नोव्हें. नांदेड
शनिवार, शाळा अर्धा दिवस. फाटकासमोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. चहा निवला. काय बोलायचं ते बसमधी चार येळा ठरवलं, आता एक शब्द आठवत नाय.
घंटा झाली. पोरी धावत निघाल्या. मागून मास्तरणी. निळी साडी... व्हय, नंदाच. कमलसारखीच चालते, हे आजच दिसलं.
तिनं अजून इकडं बघितलं नाय. वही मिटतो.