बाबांच्या पलंगावरचा दांडा

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (यातून माझे गुडघे तूर्त वगळावेत, कारण पुढे येईल.) भाऊजींची पाठ आणि तुझं पित्त आता आटोक्यात असेल, अशी आशा करतो. इकडचं यथातथाच. बाबांचा उजवा हात अजून तसाच पडून आहे. डावा चांगला चालतो, पण तो ते फक्त मला खोलीतून हाकलायला वापरतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पलंगावर डोक्याच्या वर एक मजबूत दांडा असला, तर तो धरून बाबांना उठून बसता येईल. असा दांडा दुकानात तयार मिळतो. पण मला नेमकं माझं घरगुती वेल्डिंग मशीन आठवलं (जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठं, त्यावर आजवर कुंडीचं एक स्टँड केलं, तेही लंगडतं). बाबांचा भार पेलायचा म्हणून भंगारवाल्याकडून बोटभर जाडीच्या पट्ट्या आणल्या. एवढ्या लोखंडात ट्रक झाला असता, असं हिचं मत पडलं.

ताई, जाड लोखंडाचा स्वभाव थेट बाबांसारखा. कितीही ऊब द्या, सगळी पोटात घेतं आणि वरून थंड ते थंडच. आधी वेल्डिंगचा रॉड पट्टीला चिकटून बसला. करंट वाढवला, तर सगळ्या घराचे दिवे गेले आणि बाबांचा पंखाही. शेवटी एक जोड असा देखणा जमला, की मी हिला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. मग खात्री करायला स्वतः लोंबकळलो (एवढी अक्कल शिल्लक होती). तो देखणा जोड पट्टीवर नुसता बसलेला होता, आत शिरलाच नव्हता. सगळा सांगाडा माझ्या गुडघ्यांवर आला.

आतून बाबांनी विचारलं, "काय पडलं रे?"

"मी पडलो, बाबा."

"मग असू दे."

कोपऱ्यावरच्या लोखंडी गेटं बनवणाऱ्याने ऐकून घेतलं, पोटभर हसला आणि सांगितलं, की मशीन छोटं असलं तर घाई मोठी करू नये. पट्ट्यांच्या कडा ग्राइंडरने तिरक्या घासायच्या, म्हणजे मध्ये खाच होते. लोखंड आधी तापवून घ्यायचं. मग ती खाच तळापासून थरावर थर देत भरायची, आणि प्रत्येक थरावरची खपली ठोकून काढल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही. मशीन मध्येच तापून आपोआप बंद पडतं. तेव्हा आपणही गप्प बसायचं. मी तसंच केलं. (शर्टाला इतकी भोकं पडली आहेत, की नेमका हात कुठून घालायचा ते कळत नाही.) या खेपेला मी आणि ही, दोघं मिळून लोंबकळलो. लग्नानंतर एकमताने केलेलं हे पहिलंच काम असावं. दांडा हलला नाही.

पलंगावर बसवला. बाबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. धरा आणि उठा, म्हटलं. तर म्हणाले, "उठून जायचंय कुठे?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं तपासलं होतं. तेव्हापासून ही त्या दांड्यावर टॉवेल वाळत घालते.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मशीन विकायचं आहे. भाऊजींना विचारून बघ.

आणखी एक ता. क. आई गेल्यावर बाबा तुला जे टाकून बोलले, ते मी दाराआडून ऐकलं होतं. म्हणूनच तुला कधी ये म्हणालो नाही. पण काल त्यांची ती पाठ बघवेना, आणि मी सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी ताई येतेय. (तू असं म्हणाली नाहीस, मला ठाऊक आहे.) आज सकाळी चहा घेऊन गेलो, तर दांडा धरून उठून बसलेले, घामाने निथळत. म्हणाले, "दाढी करून दे. तिच्यापुढे असं नको." मी म्हटलं, रविवार लांब आहे अजून. तर म्हणाले, "मग रोज करत जा."

येणार नसशील, तर कळवू नकोस. मी रोज त्यांची दाढी करत राहीन.