नॅटच्या नाकातलं वजन

प्रिय सुमित,

फोन केला तर तू विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे. मी रागावले आहे, हे आधीच सांगते.

अण्णांच्या पंच्याहत्तरीला नॅट विमानाचं मॉडेल द्यायची कल्पना तुझी, किटही तूच आणलंस, कबूल. हवाई दलात नव्याने लागलेले अण्णा एकाहत्तरच्या लढाईत त्याच विमानांची देखभाल करत होते. दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं. तू एक रविवार ठाण्याला आलास, एक पंख उलटा चिकटवलास आणि चहा पिऊन कल्याणला परत गेलास. पुढचे तीन महिने वागळे इस्टेटमधली नोकरी सांभाळून मी त्या वीतभर प्लास्टिकशी झटत होते. तुझा पंख सोडवला, सांध्यांच्या फटींत लांबी भरून त्या घासल्या, रंगाचे तीन हात दिले. मग वॉर्निश मारून आणतो म्हणून तू ते घेऊन गेलास, ते मला थेट ठाण्यातल्या मॉडेल-स्पर्धेच्या प्रदर्शनात दिसलं. खाली चिठ्ठीवर एकट्या तुझं नाव.

अण्णांना तू मुद्दाम डोंबिवलीहून बोलावलं होतंस. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते, माझ्या मुलाने, सुमितने केलंय. त्यांचा चेहरा बघून मला मेलीला तोंड उघडवेना. तूही माझ्याकडे बघितलं नाहीस. लहानपणी माझी चित्रं स्वतःची म्हणून दाखवायचास तेव्हा मी हसायचे. या वेळी फार लागलं रे.

मग परीक्षकांनी विचारलं, नाकात वजन किती घातलंत? तू हसून म्हणालास, छे, आतून पोकळच आहे. अरे, हे तीन चाकांवर उभं राहणारं मॉडेल, नाकात शिसं भरलं नाही तर शेपटीवर बसतं. आणि हे तू कोणासमोर बोललास? अण्णांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हणाले. तुला वाटलं, निभावलं.

त्यांना घरी सोडायला मी रिक्षा केली. आम्ही कळव्याच्या पुढे आलो. मग माझ्या नखांत अडकलेल्या रंगाकडे बघत म्हणाले, "मृणाल, शिसं किती घातलंस?" मी म्हटलं, बारा ग्रॅम. बरोबर आहे, एवढंच म्हणाले.

"मला कळलंय हे सुमितला सांगायचं नाही, त्याचा तो येऊन सांगेल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून तसा शब्द घेतला. त्यानंतर पाच रविवार तू गेलास, जेवलास आणि रंग कसा दिला ते त्यांना रंगवून सांगितलंस. ते ऐकून घेतात. परवा मला म्हणाले, "त्याला माझ्याशी खरं बोलावंसं वाटत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल." त्या विमानावर नाव तुझंच राहू दे, पण अण्णांनी स्वतःला दोष देणं मला सहन होत नाही. म्हणून आज पहिल्यांदा मी अण्णांना दिलेला शब्द मोडते आहे. येत्या रविवारी जा आणि सांग. हे पत्र फाडून टाक. तू आपणहून आलास असंच त्यांना वाटू दे.

तुझीच, राग न गेलेली,
ताई