माणसं दिसतील एवढं कार्ड

अगं, मी ड्यूटीवर निघालोय. बाळ्याच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू आहे, तो बंद करू नकोस आणि झाडताना वायरीला धक्का लावू नकोस. बाळ्या रोज खेळतो तोच गेम डाउनलोड होतोय. आपला फोन उचलत नसला तरी संध्याकाळी त्या गेममध्ये असतोच, असं त्याचा मित्र म्हणाला.

आपलं ग्राफिक्स कार्ड जुनं, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावून दाखवलं. म्हणाला, चालेल, पण सगळं कमीवर ठेवावं लागेल. झाडांची पानं हलणार नाहीत, सावल्या पडणार नाहीत, माणसं मात्र दिसतील. मी म्हटलं, बागा बघायला कोण बसलंय इथे.

संध्याकाळी सुरू कर. बाळ्या दिसला तर नुसती त्याच्या शेजारी उभी राहा. घरी कधी येतोस म्हणून लगेच मागे लागू नकोस.

खेळाडूचं नाव विचारलं तिथे तुझं घातलंय. मी बसेन तेव्हाही तेच राहू दे. माझं दिसलं तर तो उठून जाईल.