जवळजवळ रोज

६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून पुन्हा कागद-पेनच बरं. खोली मिळाली. खिडकी आहे, पण तिचं तोंड समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे. भिंतीशी माझं बरं जमलंय. निदान ती मधेच बोलत नाही. तू दिलेली शाल ऑफिसातल्या खुर्चीवर असते, कारण तिथला एसी कोणालाच बंद करता येत नाही.

आईला माझं काम अजून कळत नाही. म्हणते, शिकून शिकून डॉक्टर झालीस आणि ताप आला तर साधी गोळी सांगता येत नाही. तिला तूच समजाव. पीएच.डी. संपली आणि कायमची नोकरी लागायची आहे, त्या मधली ही उमेदवारी. पोस्टडॉक म्हणतात. एकेका माणसाचं नाही, अख्ख्या शहराचं मन कसं आहे, ते आम्ही मोजतो. आमच्या मुली घरोघर जातात आणि टॅबवर उत्तरं भरून घेतात. झोप लागते का, अन्न गोड लागतं का. त्यातच एक प्रश्न असा: आपण नसतो तर बरं झालं असतं, असं गेल्या पंधरा दिवसांत वाटलं का? कधीच नाही, काही दिवस, की जवळजवळ रोज?

काल मी सहज विचारलं की ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्यांच्या घरी पुढे कोण जातं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मावशी, कोणीच जात नाही! पाहणी पूर्ण होईपर्यंत उत्तरं कोणी उघडायची नाहीत, नाहीतर अभ्यासाला बाधा येते, असा नियम. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यापासून ती उत्तरं कुलूपबंद. मुलींना वाटलं ऑफिसात कोणीतरी बघतं. ऑफिसाला वाटलं मुली तिथल्या तिथे बघतात. माझं डोकं नुसतं भणभणतंय.

गोळ्या वेळेवर घे. बाकी लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय शाईत बुडवल्यासारखं. मी तुला शुद्धलेखन घालायची तेव्हा तू रडून माझी ओढणी भिजवायचीस, ते आठवून मी एकटीच हसले. इकडे सगळं ठीक. शेजारीण रोज डोकावून जाते आणि मी जेवले का ते विचारते. जेवले म्हटलं की तिचं काम झालं.

तुझ्या आईला समजावलं. आता ती लोकांना सांगते की मुलगी शहराची नाडी बघते. चालेल ना?

तुझा राग बरोबर आहे गं. पण तू नवीन, तुझी मुदत वर्षाची, आणि ती वाढवणं वरच्यांच्या हातात. पाण्यात राहून माशांशी वैर करू नये. आधी नीट बोलून बघ. तू तोंड उघडलंस की भांड्यांच्या दुकानात बैल शिरतो, हे मी तुझ्या तिसरीपासून बघते आहे. शांतपणे सांगितलं तर माणसं ऐकतात.

स्वेटर विणायला घेतलाय. उंची वाढली नसेल अशी आशा आहे, रुंदीचं तू बघ.

तुझीच,
मावशी


२१ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शांतपणे सांगितलं. आता तू शांतपणे ऐक.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे ‘सरासरी’ म्हणतो, कारण त्यांना एकटं माणूस दिसतच नाही. मी त्यांना म्हटलं की पत्ते उघडू या, या लोकांकडे जाऊ या. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले की नावं गुप्त ठेवायचं वचन आपण दिलंय, ते मोडता येत नाही. मी म्हटलं, गुप्ततेचं वचन जगापासून लपवण्यासाठी दिलं होतं, मदतीपासून लपवण्यासाठी नाही. मग ते हसले, मावशी, अगदी मायेने हसले, आणि म्हणाले की मुद्दा मोलाचा आहे, पुढच्या फेरीत हा प्रश्नच काढून टाकू. विचारलंच नाही, तर जबाबदारीही येणार नाही.

माना डोलल्या. एकीने तर टिपून घेतलं. मी ओरडले. बैल शिरला म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मुदतीचं तुम्हाला ठाऊकच आहे, असं ते जाताना दारात पुटपुटले.

नीतिसमिती म्हणून एक मंडळ आहे. अशा अभ्यासांवर देखरेख ठेवतं. त्यांना सरांच्या डोक्यावरून अर्ज लिहिलाय, पण तो टेबलावरच पडलाय. कारण तुझी मासळी आडवी येते. खरं सांगू, तुझाही राग आला. सगळ्यांना नीट बोलायला शिकवणारी तू. नीट बोलून कोणाचं भलं झालं?

स्वेटर नको. इथे आधीच अंगाची आग होते आहे.

भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद.

मासळीचं विसर. मी चुकीचा सल्ला दिला. का दिला ते सांगते, मग मला परत काही विचारू नकोस.

तुझे काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडेही अशी एक मुलगी आली होती. तुमची नव्हे. हे शहर वेगळं, संस्था वेगळी, पण प्रश्न तोच. गोड होती. मी तिला पाणी दिलं. तोवर सगळे मला जेवणाचं विचारत, बँकेचं विचारत, गुडघ्याचं विचारत. हे कोणी विचारलं नव्हतं. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. जवळजवळ रोज, असं म्हणाले. मोठ्याने म्हणाले, मलाच माझा आवाज ओळखू आला नाही.

तिने हातातल्या त्या काचेच्या पाटीवर बोटाने टिचकी मारली आणि पुढचं वाचलं: घरात खोल्या किती?

मी दोन म्हटलं.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर एखादीला काय झालं म्हणून विचारायच्या, तर उत्तर संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मला वाटलं, एवढं विचारलंय तर कोणीतरी येईल. मी रोज सकाळी चांगले कपडे घालून बसायची. जिन्यात पाऊल वाजलं की केस सारखे करायची. आठवडे गेले. मग लाज वाटायला लागली, जसं काही मी कोणाच्या दारात पदर पसरला होता. भिंगरी, मी भीक मागितली नव्हती. मला विचारलं होतं!

इतकी वर्षं मी तो राग स्वतःवरच काढला. आज तुझ्या सरासरीवर काढते. विचारलंच नाही तर जबाबदारी नाही म्हणे! त्यांच्या आईलाही ते असंच विचारत नसतील. अर्ज टाक. सोबत हे पत्र जोड, माझ्या सहीसकट. नाव झाकू नकोस. तुझी मुदत गेली तर जाऊ दे, माझ्याकडे दोन खोल्या आहेत.

तुझी,
मावशी


२३ मार्च

मावशी,

नमस्कार राहिला, तो भेटीत घालीन.

अर्ज दिला, तुझं पत्र जोडलं. समितीने मला बोलावलं. सरासरी म्हणाले की एका बाईंचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. समितीच्या अध्यक्षबाईंनी तुझं पत्र घडी उलगडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि खोल्यांच्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितलं. त्यांनी ते मनातच वाचलं. त्याच संध्याकाळी पत्ते उघडायचा हुकूम निघाला. प्रश्न राहणार आहे, आणि यापुढे ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्याच दिवशी समुपदेशक जाणार आहे.

आम्हीही दोघी-दोघी मिळून फिरलो. कोणी दार लावून घेतलं, कोणी आधी चिडलं आणि मग जाऊ देईना. एका रिक्षावाल्याने मला पाऊण तास झापलं की उन्हाळ्यात विचारलंत आणि आता उगवलात. मी खाली मान घालून ऐकलं. त्याचं बोलून झाल्यावर मात्र तो समुपदेशकाकडे यायला तयार झाला. एका दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी जे सांगितलं ते मी कागदावर लिहिणार नाही. त्या कुलपापुढे उभी राहून मला जो राग आलाय, तो जन्मभर पुरेल.

माझी मुदत वाढणार नाही. कारण दिलंय: संघभावनेचा अभाव. आई रडते आहे. तिला कळव की मी रडत नाही.

आणि आता तुझ्याबद्दल. मला तुझा भयंकर राग आलाय. इतकी वर्षं तू माझ्या अक्षराला हसलीस, स्वेटर विणलेस, इकडे ठीक म्हणून लिहिलंस, आणि मी लोकांची मनं मोजणारी शहाणी, ते खरं मानत गेले. परत काही विचारू नकोस म्हणतेस? विचारणार. शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. आजकाल कसं वाटतं, ते समोर बसून विचारणार, आणि तू खरं बोलेपर्यंत उठणार नाही. चहा करायला म्हणून आत सटकायचं नाही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझीच, रागावलेली,
भिंगरी